लेकीची साक्ष

३ फेब्रुवारी

त्या सकाळी मी आधी पाणी भरलं, मग दूध तापवलं, मग ह्यांचे दोन सदरे दोरीवरून काढून इस्त्रीला घेतले, तर इस्त्री थंड. मी ओरडले. हे दाढी अर्धी टाकून आले, मांडी घालून बसले, वायरचं टोक तोंडात धरलं आणि दातानं वरचं रबर सोलून काढलं. "समोर पक्कड पडलीय की," मी म्हटलं. "पक्कड हरवते. दात कुठं जातायत?" म्हणाले आणि इस्त्री जोडून दिली. वर्षानुवर्षं तेच करून पुढच्या दाताला बारीक खाच पडली होती. मी दोन्ही सदरे कडक केले. त्यातला एक घालून हे कामावर गेले.

त्या दिवसाचं मला एवढंच नीट आठवतं. आग आठवत नाही, कारण ती मी पाहिलीच नाही. गोदामात वायरिंगचं काम चाललं होतं आणि हे आत होते. बरोबर आणखीही माणसं होती. बाहेर काढल्यावर कोण कोणाचं, ते कुणाच्या आईलाही सांगता आलं नसतं. ते सरांनी सांगितलं, दातांवरून. सर म्हणजे पोलिसांना दातांबाबत सल्ला देणारे मोठे डॉक्टर. दारात येऊन म्हणाले, "बाई, हे तुमचेच. माझा शब्द." त्या शब्दावर मी ह्यांना निरोप दिला आणि त्याच शब्दावर आजवर उभी आहे.

हे आज आठवलं, कारण लेकीला कोर्टाचं बोलावणं आलंय. तीही आता दातांची डॉक्टर, आणि सरांचीच विद्यार्थिनी. हे तिला फ्यूज म्हणायचे. जरा भार वाढला की उडते म्हणून. बाजारगल्लीत शिवणकाम करणारी बाई आहे, तिच्या तरुण मुलीचा काही वर्षांपूर्वी खून झाला. मुलीच्या दंडावर कुणीतरी चावल्याची खूण होती. विजेचे मीटर बघत फिरणाऱ्या एका माणसाला पोलिसांनी धरलं, खूण त्याच्याच दातांची असं सरांनी सांगितलं आणि तो तुरुंगात गेला. आता वरच्या कोर्टात त्याचं अपील आहे. ती खूण दुसऱ्या कुणी तज्ज्ञानं पाहावी असं कोर्टानं म्हटलंय. तो तज्ज्ञ म्हणजे आमची फ्यूज.

अंगावर मूठभर मांस चढलं. आमच्या रद्दीच्या दुकानात आलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगितलं. एक जण नुसता पत्ता विचारायला आला होता, त्यालाही सांगितलं.

ही डायरी रद्दीत आली, कोरी. साल जुनं असल्यामुळे वार चुकतात. मी वार खोडते आणि तारीख ठेवते.

६ फेब्रुवारी

माझी शाळा लहानपणीच सुटली. पुढचं सगळं आमच्या रद्दीच्या दुकानानं शिकवलं. गठ्ठा बांधायच्या आधी वाचायची सवय लागली. बऱ्याच गोष्टींचे शेवट मला ठाऊक नाहीत, कारण शेवटची पानं नसतात. पण ग्रहणं, मधमाश्या, राजेरजवाडे, मूतखडा, सगळं थोडं थोडं येतं. आता लेकीची दातांची पुस्तकं वाचते. दात हाडापेक्षा कठीण असतात, आगीतही टिकतात, असं एका पानावर होतं. ते मी वाचलं नसतं तरी मला माहीत होतं.

लेकीनं कामाचं सामान घरी आणलंय. माणसांच्या जबड्यांचे पांढरे साचे फळीवर, मिठाच्या बरणीशेजारी ओळीनं बसलेत. माझी नणंद आमच्याकडेच राहते. ती म्हणाली, "वहिनी, सकाळी चहा करायला गेले तर सगळे माझ्याकडं बघून हसत होते."

लेक नीट जेवत नाही. आज ताटात चिवडत बसली आणि एकदम विचारलं, "आई, सर चुकू शकतात असं तुला कधी वाटलं?"

"सूर्य चुकेल," मी म्हटलं.

ती बरं म्हणाली आणि ताट सरकवलं. कामाचा ताण असेल. एवढ्या मोठ्या माणसाच्या पंगतीला बसायचं म्हणजे दडपण येणारच.

९ फेब्रुवारी

दुपारी जेवणं झाल्यावर लेकीनं दोन्ही बाह्या वर केल्या आणि म्हणाली, "चला, चावा मला."

"लहानपणी तू मला चावायचीस तेव्हा मी सोसलं," वन्सं म्हणाल्या, "आता म्हातारपणी परतफेड करू होय?"

"कर आत्या. व्याजासकट कर."

"माझी कवळी आहे गं."

"मग कवळी लावून चाव. नाहीतर मला गुदगुल्या होतील."

आम्हा दोघींच्या डोळ्यांवर टॉवेल बांधला. ती हात आमच्या तोंडाशी आणायची, आम्ही चावायचं. कधी हात सरळ, कधी दुमडलेला, कधी वळवलेला. स्वतःलाही एकदोनदा चावली म्हणे. आमच्या तिघींच्या दातांचे साचे तिनं आधीच करून ठेवले होते. ते टेबलावर मांडले, टॉवेल सोडले आणि म्हणाली, "आता सांगा, कुठली खूण कुणाची?"

मी चष्मा लावला. पुस्तकं वाचली होती, म्हणून जरा ऐटीत साचा उचलला, खुणेशेजारी धरला. "ही वन्संची. बघ ना, कवळीचा पुढचा दात तुटलाय, तशी फट आहे. आणि ही इकडची माझी. डोळे झाकून सांगेन."

"डोळे झाकूनच सांगितलंस. फट दिसते ती खूण तुझी आहे. हात दुमडला होता म्हणून कातडी ओढली गेली. आणि जी तुझी म्हणतेस ती माझी स्वतःची."

वन्सं इतक्या हसल्या की कवळी सुटून मांडीवर पडली. "वहिनी, स्वतःचे दात ओळखू येईनात तुला! उद्या माझी कवळी घालून फिरशील."

मीही हसले. लेक हसली नाही. हात पुढं धरूनच म्हणाली, "आई, तू आत्ता चावलीस. तीनच साचे समोर आहेत. तरी चुकलीस. त्या मुलीच्या दंडाचा फोटो काढला तोवर खूण सुजून पसरली होती. हात कसा होता तेही कुणाला माहीत नाही."

"पण सरांची नजर आणि माझी नजर एक आहे का?"

"सरांना एकच साचा दिला होता. पोलिसांनी धरला त्याचा. मी बाहेरच्या बऱ्याच जणांचे साचे घेतले, ज्यांचा त्या प्रकरणाशी काही संबंध नाही अशांचे. त्यातले कितीतरी त्या खुणेवर बसतात. आमच्या दवाखान्यातल्या झाडूवाल्याचाही बसतो. तो तेव्हा या शहरात नव्हताही."

मला बरं वाटलं. म्हणजे आता ही सरांना दाखवेल, ते डोक्याला हात लावतील, आणि दोघं मिळून कोर्टाला सांगतील.

१० फेब्रुवारी

मासिकांचे गठ्ठे बांधत होतो. वन्सं सुतळी धरून बसल्या होत्या. एकदम म्हणाल्या, "वहिनी, दातांवरून सांगितलेलं खोटं निघतं, तर मग आमच्या दादाचं काय?"

"काय म्हणजे?"

"काही नाही. गाठ मार."

गाठ मारली.

१६ फेब्रुवारी

मध्ये लिहिलं नाही. लिहिण्यासारखं काही घडलं नाही. सगळी भांडी घासून काढली. कपाट आवरलं, परत लावलं, परत आवरलं. दुकानात एकाची रद्दी तोलली आणि दुसऱ्याच्या हातात पैसे दिले. झोप लागत नाही, बहुतेक उकाड्यानं.

काल लेकीला म्हटलं, "हे काम दुसऱ्या कुणाला देता येत नाही का? प्रकृती बरी नाही म्हणून कळव."

"का?"

"सरांचे आपल्यावर उपकार आहेत. तुला या विषयात त्यांनीच आणलं. घरच्या माणसासमोर उभं राहणं बरं दिसत नाही."

वाटलं, आता उडेल. पण नाही. हातातला साचा खाली ठेवला. मग म्हणाली, "एवढंच कारण आहे?"

"दुसरं काय असणार?"

"बरं," ती म्हणाली.

आईचा शब्द मोडत नाही, गुणाची आहे. मग काल रात्री मी घासलेली भांडी पुन्हा का घासली, कळत नाही. खरकटी तर नव्हती.

१८ फेब्रुवारी

आज सर दुकानात आले. हातात स्वतःच्या घरची वर्तमानपत्रं, नीट घडी घातलेली. मी स्टूल पुसून दिलं. एवढा मोठा माणूस आमच्या दुकानात, शेजारचा चष्मेवाला डोकावून गेला. पूर्वी असतं तर त्याला हाक मारून सांगितलं असतं, बघा कोण आलंय.

सर म्हणाले, "बाई, मुलगी हुशार आहे. पण उत्साहात आहे. तिला समजवा. एका माणसाचा प्रश्न नाही. उद्या माझ्या प्रत्येक शब्दावर लोक बोट ठेवतील. किती घरं माझ्या शब्दावर उभी आहेत, तुम्हाला तर सांगायलाच नको."

मी मान हलवली. मग विचारायचं नव्हतं ते तोंडातून गेलं. "सर, ते दात ह्यांचेच आहेत, हे तुम्हाला कसं कळलं होतं?"

ते प्रेमानं हसले. "बाई, मला बघताक्षणी कळतं."

ते गेल्यावर मी ती वर्तमानपत्रं वाचायला घेतली आणि एकही ओळ डोक्यात गेली नाही. मीही त्या दिवशी चष्मा लावून बघताक्षणीच सांगितलं होतं.

१९ फेब्रुवारी

आज लिहायला पुष्कळ आहे.

सकाळी लेक साचे खोक्यात भरत होती. मी विचारलं, "परत करतेस?"

"तूच म्हणालीस ना, कळव म्हणून."

"थांब." मी तिच्या हातातलं खोकं घेतलं आणि खाली बसले. उभी राहून ते विचारता आलं नसतं. "मी निरोप दिला तो तुझा बाप होता का?"

ती माझ्यासमोर जमिनीवर बसली. एवढी मोठी डॉक्टर, पण लहानपणी पाढे म्हणायला बसायची तशी. म्हणाली, "हो. बाबाच होते."

"सरांचा शब्द नको सांगूस."

"सरांचा नाही, माझा सांगते. शिकायला लागल्यावर मी ती जुनी फाइल मागून घेतली. बाबांनी मागची दाढ दुखत होती म्हणून रूट कॅनॉल केलं होतं, आठवतं? त्या दवाखान्यात त्या दाढेचा एक्स-रे होता. आगीनंतर घेतलेला एक्स-रेही होता. दोन्ही शेजारी ठेवून बघितले. मुळाचं वळण तेच, आत भरलेल्या मसाल्याचा आकार तोच, शेजारच्या दातात भरलेल्या चांदीची कड तीच. पुढच्या दाताची वायरची खाचसुद्धा होती. पण नुसत्या खाचेवर मी विश्वास ठेवला नसता. वायरमन सगळेच दातानं वायर सोलतात. आत होते त्या सगळ्यांचे एक्स-रे लावून बघितले, कुणाचा बसतो का. नाही बसला. सरांना बघताक्षणी कळलं असेल आई, मला आठवडाभर लागला."

मी विचारलं, "म्हणजे सर तिथं बरोबर होते?"

"हो. तिथं दाताशी दात ताडायचा होता. दात बदलत नाही. इथं दात नाहीच, सुजलेली कातडी आहे. सरांनी दोन्हीला एकच मान दिला."

"मग इतकी वर्षं मला का नाही सांगितलंस, की तू तपासलंस म्हणून?"

ती बोटांशी खेळत राहिली. "तुला सरांचा शब्द पुरत होता. मी परत तपासलं म्हटलं असतं, तर तुझ्या मनात आलं असतं, हिला शंका का आली. आणि या वेळी... मी साक्ष दिली की तुला हे सगळं वाटणार, मला माहीत होतं. म्हणून जेवण जात नव्हतं."

आणि मी कामाचा ताण म्हणून लिहून ठेवलंय. मागचं पान उघडून बघितलं, तसंच लिहिलंय.

शिकत होती तेव्हाच, आम्हाला कुणालाही न सांगता, ती एकटी आपल्या बापाच्या दातांसमोर आठवडाभर बसली होती. मी तिला त्या वर्षी रागावले होते, सुट्टीत घरी आली नाहीस म्हणून.

खोकं उघडून साचे पुन्हा फळीवर ठेवले. म्हटलं, "जा. काय खरं असेल ते सांग."

वन्संना सांगितलं. त्या उठल्या. मोरीत जाऊन तोंडावर पाणी मारलं. मग बाहेर येऊन म्हणाल्या, "त्या हसऱ्यांवरची धूळ पुसते जरा."

२७ फेब्रुवारी

कोर्टात गेले होते. लेक नको म्हणत होती. मी ऐकलं नाही. वन्सं आणि मी मागच्या बाकावर. सर पुढं होते. दुसऱ्या बाजूला शिवणवाली, गळ्यात टेप तसाच, काढायचा विसरलेला असावा. मीटरवाला कठड्यामागं होता. कोण बोलतंय तिकडं वळून बघायचा, जसं काही दुसऱ्याच कुणाचं चाललंय.

फ्यूज उभी राहिली. साधी साडी, केस घट्ट. तिनं न्यायाधीशांना सगळं समजावून सांगितलं, मला सांगितलं होतं तसंच. माझ्या चुकीचंही सांगितलं! "माझ्या घरी करून पाहिलं, चावणाऱ्यालाच स्वतःची खूण ओळखता आली नाही." वन्संनी मला कोपर मारलं. न्यायाधीश हसले की काय, मला दिसलं नाही.

सरकारी वकील उठला. आवाज चढा. "म्हणजे ही खूण आरोपीची नाही, असं तुमचं म्हणणं?"

"नाही. तसं मी म्हटलं नाही."

"मग त्याची आहे?"

"तेही मला माहीत नाही."

"इतकं शिकून तुम्हाला काहीच सांगता येत नाही?"

"सांगता येतं ना. एवढ्या खुणेवरून कुणालाच सांगता येत नाही, हे खात्रीनं सांगता येतं."

वकिलानं कागद खाली ठेवला आणि माझ्याच छातीवर हात ठेवल्यासारखं बोलला. "तुमच्या वडिलांची ओळख याच सरांनी पटवली होती. तो शब्द तुम्ही मानलात. तेव्हा शंका आली नाही?"

सगळं कोर्ट तिच्याकडे बघत होतं. मला वाटलं, आता भार वाढला.

"आली," ती म्हणाली. "म्हणून मी पुन्हा तपासलं. सर बरोबर होते. तिथं दातांचे पुरावे होते आणि त्यांनी ते नीट वाचले. तपासून बघायला त्यांनीच मला शिकवलं. इथंही मी तेच केलंय."

ना आवाज चढला, ना उतरला. वन्सं हळूच म्हणाल्या, "दादा असायला हवा होता." मी म्हटलं, "हो." पदरानं चष्मा पुसला. पण मान खाली घातली नाही. ही माझी, हे सगळ्यांना दिसावं असं वाटत होतं.

जिन्यावर सर भेटले. कठड्याला धरून उतरत होते. मी वाकून नमस्कार केला. ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "तयारी चांगली केली होती तिनं." मी म्हटलं, "तुमचीच विद्यार्थिनी." ते थांबले, मग उतरत राहिले.

२१ मार्च

परवा निकाल लागला. मीटरवाला सुटला. दंडावरच्या खुणेशिवाय त्याच्याविरुद्ध धड काही नव्हतंच, असं न्यायाधीशांनी म्हटलं. लेकीचं नाव वर्तमानपत्रात आहे, आतल्या पानावर, पण आहे. आज चष्मेवाल्यानं स्वतःचा अंक आणून दिला. म्हणाला, "हा रद्दीत घालू नका."

"घातला तर तोलून पैसे देईन," मी म्हटलं. फार हसलो.

तो गेला आणि बघते तर समोर शिवणवाली उभी. कधी आली कळलं नाही. आमचं हसणं तिनं ऐकलं असणार. भांडायला आली असती तर बरं झालं असतं. लोक दोन दिवस सांगत होते, ती तुमच्या लेकीला शिव्या देते म्हणून. पण ती भांडली नाही.

म्हणाली, "इतकी वर्षं मला माहीत होतं कोण ते. सकाळी उठल्यावर त्याला शिव्या द्यायच्या आणि मशीन सुरू करायचं. आता तुमची मुलगी म्हणते, माहीत नाही." मग माझ्याकडे नीट बघून विचारलं, "मग कोण हो, ताई?"

माझ्या लेकीनं खरं तेच सांगितलं. पुन्हा विचारलं तरी पुन्हा तेच सांगावं तिनं, असंच मला वाटतं. पण या बाईला द्यायला माझ्याकडे एक शब्द नव्हता. मी "बसा" म्हटलं. ती बसली नाही. रस्त्याच्या कडेकडेनं निघून गेली.

लेक संध्याकाळी घरी आली. तिला सांगितलं. वाटलं, मन खट्टू होईल. ती म्हणाली, "पोलिसांनी फाइल पुन्हा उघडावी असा अर्ज तिच्या नावानं करायला हवा. मी मदत करीन म्हणून सांग. पण आई, मी गेले तर ती दार लावून घेईल."

"तू नको जाऊस," मी म्हटलं.

२३ मार्च

काल मी दुकान वन्संच्या हवाली केलं आणि अर्जाचं सांगायला बाजारगल्लीत शिवणवालीकडे गेले. तिनं ये म्हटलं नाही, जा म्हटलं नाही. शाळेच्या गणवेशांचा ढीग पडला होता. मी तिच्यासमोर बसले, सुईत दोरा ओवला आणि अंधार पडेपर्यंत बटणं लावली.